नको तिथले दाणे

आंघोळ करताना हाताला काहीतरी खरखरीत लागतं. दिवा लावून, चष्मा घालून नीट पाहिलं तर शिश्नमुंडाच्या कडेने बारीक बारीक दाण्यांची ओळच दिसते. रात्री दीड वाजता फोनवर शोध सुरू होतो आणि फोन नेहमीप्रमाणे सर्वांत भयंकर शक्यता आधी दाखवतो. पुढचे पंधरा दिवस माणूस बायकोची नजर चुकवत फिरतो. घरी बोलायची सोय नाही आणि मित्रांत विषय काढला तर जन्मभर चेष्टा. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून अशा प्रश्नांवर उघड लिहीत होते आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. आपण मात्र अजून ‘नाजूक जागी’च्या पुढे सरकलेलो नाही. म्हणून आज सरळच बोलू.

वर सांगितलेली ओळ बहुतेक वेळा आजार नसतेच. हे ‘पर्ली पेनाइल पॅप्यूल्स’, म्हणजे मोतिया दाणे. एक ते तीन मिलिमीटरचे, सगळे एकाच मापाचे, त्वचेच्याच रंगाचे किंवा किंचित पांढरट, शिश्नमुंडाच्या कडेभोवती एक-दोन ओळींत शिस्तीत बसलेले. विशी-तिशीत ते जास्त दिसतात, वयाबरोबर फिके होत जातात. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘टायसनच्या ग्रंथी’ म्हटलं जायचं, पण त्या ग्रंथी नाहीतच. आत थोडे तंतू आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात, बस. ते कुणाकडून लागत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, आणि स्वच्छतेशीही त्यांचा संबंध नाही. साबणाने घासून ते जात नाहीत, फक्त कातडी सोलवटते.

दुसरे निरुपद्रवी पाहुणे म्हणजे फोर्डाइस स्पॉट्स. कातडी ताणली की शिश्नाच्या दांड्यावर किंवा अंडकोशाच्या पिशवीवर पिवळसर रव्यासारखे कण दिसतात. या केसाशिवायच्या तैलग्रंथी. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ साली ओठांवरच्या अशाच कणांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आरशात ओठांची कड बघा, कदाचित तिथेही सापडतील आणि त्यांची तुम्हाला कधी भीती वाटली नसेल. अंडकोशावर वयानुसार येणारे लालसर-जांभळे ठिपकेही याच गृहस्थांच्या नावाने ओळखले जातात. खाजवले तर त्यांतून रक्त येऊ शकतं, एरवी त्यांचा त्रास नसतो.

आता सिंगापूरची हवा. बारमाही उकाडा, दमटपणा, ऑफिसात दिवसभर घट्ट पँट आणि परतताना घामाने भिजलेली जांघ. त्यात केस काढायला वस्तरा फिरवला की एक-दोन दिवसांत केसांच्या मुळाशी लाल, दुखऱ्या पुळ्या येतात, कधी केस आतच वळून वाढतो. काही दिवस वस्तरा बंद ठेवून सैल सुती कपडे घातले की बहुतेक पुळ्या बसतात. खाज सुटणारा, कडेने पसरत जाणारा गोल चट्टा असेल तर तो गजकर्ण.

आणि इथे आपली खास देशी चूक होते. सुट्टीवरून परतताना बॅगेत आणलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली ती ट्यूब! बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असं सगळं एकातच. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश. पण स्टेरॉइडमुळे बुरशी आतून फोफावते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याबद्दल गेली कित्येक वर्षं ओरडून सांगताहेत. या जागेची कातडी तर फारच पातळ. फेल्डमन आणि माइबाख यांनी १९६७ मध्ये मोजलं, तेव्हा अंडकोशाच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे ४२ पट जास्त शोषलं गेलं. हातापायाच्या चामखिळीवर लावायचं जळजळीत औषध इथे लावू नये, त्याचंही कारण हेच.

संसर्गाने येणारे दाणे वेगळे दिसतात, निदान बऱ्याचदा. जननेंद्रियावरची चामखीळ फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खडबडीत, वेडीवाकडी, मापाचा मेळ नसलेली. बहुतेकदा ती एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होते. संसर्गानंतर ती उगवायला कित्येक महिने, क्वचित त्याहूनही जास्त काळ लागतो. त्यामुळे आज चामखीळ दिसली म्हणून गेल्या महिन्याचा हिशोब मागण्यात अर्थ नाही. नवरा इथे आणि बायको पुण्यात, अशा घरांत हे माहीत असणं फार गरजेचं आहे. याच प्रकारांविरुद्धची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ नावाने बनवली. तिला २०२२ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, मुलग्यांसाठीसुद्धा. झालेली चामखीळ मात्र लसीने जात नाही.

मधोमध खळगा असलेला गुळगुळीत मोती म्हणजे मोलस्कम. दुखऱ्या, पाणी भरलेल्या फोडांचा झुबका म्हणजे बहुधा हर्पीस. रात्री वाढणारी खाज आणि अंडकोशावर गाठी असतील तर खरूज. तिच्यावर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. सर्वांत फसवा तो उपदंश: एकच कडक व्रण, न दुखणारा, काही आठवड्यांत आपोआप भरणारा. व्रण जातो, रोग रक्तात राहतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्रांनी याला ‘फिरंग’ रोग म्हटलं, फिरंग्यांबरोबर आला म्हणून. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज रक्त तपासून तो ओळखता येतो आणि बराही होतो.

सिंगापुरात या बाबतीत लाजायचं कारण कमी आहे. मिडल रोड हॉस्पिटल कित्येक वर्षं हेच काम करायचं. १९८८ मध्ये त्याची जागा मंडाले रोडवरच्या नॅशनल स्किन सेंटरने घेतली. गुप्तरोगांसाठी त्यांचंच वेगळं डीएससी क्लिनिक आहे. साध्या दाण्यांसाठी घराजवळचा जीपीही पुरतो. नवा जोडीदार, व्रण, पाणी किंवा पू, जांघेत गाठी, किंवा वाढत जाणारा, रक्त येणारा, तीन-चार आठवड्यांत न भरणारा भाग असेल तर मात्र थांबू नका. शेवटच्या प्रकारात कर्करोगाची शक्यताही तपासावी लागते. जाण्याआधी काही लावू नका, फोडू नका. आधीच काही लावलं असेल तर ती ट्यूब सोबत न्या. आणि आत गेल्यावर ‘खाली थोडं इचिंग आहे’ एवढ्यावर न थांबता कधीपासून, कुठे आणि कुणाशी संबंध आला, हे सगळं सांगा. डॉक्टर असे दाणे रोजच बघतात.