नांव न विचारतां साथीचा माग

कोरोनाच्या साथींत वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर ‘आरोग्य सेतु’ पाहिल्याचें आमच्या विद्यार्थिमित्रांस स्मरत असेल. त्यामागील युक्ति व तींतील एक नाजूक प्रश्न आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

रोगी कोणाच्या निकट आला हें शोधणें, हा साथ आवरण्याचा जुना उपाय होय. परंतु लोकांचा विश्वास नसेल तर तो फसतो. सन १८९७ मध्यें पुण्यास प्लेगच्या वेळीं सैनिक घरांत शिरून झडती घेऊं लागले, तेव्हां लोक आजारी माणसें दडवूं लागले.

आतां समजा, नाशिकरोडहून पंचवटीस जाणाऱ्या बसमध्यें दोन अनोळखी उतारू शेजारीं बसले. मागाहून एकास रोग जडला, तर दुसऱ्यास कळवावें कसें? येथें ब्लूटूथ उपयोगी पडतें. प्रत्येक मोबाइल थोड्याथोड्या वेळानें बदलणारे सांकेतिक अंक आसपास पाठवितो व इतरांचे टिपून ठेवतो. आजारी ठरलेला उतारू स्वसंमतीनें केवळ आपले अंक जाहीर करतो. दुसऱ्याचा मोबाइल ते आपल्या टिपणाशीं ताडून मालकास सावध करतो. रोगी कोण, हें तो सांगत नाहीं. जर्मनीनें जून २०२० मध्यें हीच रीत पत्करली.

२ एप्रिल २०२० रोजीं निघालेल्या ‘आरोग्य सेतु’ची रीत निराळी होती. त्यांत नांव, वय, व्यवसाय व मोबाइल क्रमांक सरकारी संगणकांत नोंदवावे लागत. शिवाय ठिकाणहि टिपलें जाई. रोग कोणत्या भागांत पसरतो हें त्यामुळें अधिकाऱ्यांस समजे, हा लाभ खरा. पण ही माहिती पुढें कोण वापरील, ही शंकाहि रास्त होती. मे २०२० मध्यें सरकारनें ती किती दिवस ठेवावी याचे नियम केले व आज्ञावलीहि सर्वांस पाहण्यास खुली केली.

शंका व्यर्थ नव्हती, हें सिंगापुरांत दिसलें. साथीसाठीं जमविलेली माहिती गुन्ह्यांच्या तपासांत पोलिसांसहि मिळूं शकते, असें तेथील सरकारनें जानेवारी २०२१ मध्यें मान्य केलें. लोक नाराज झाले, आणि तिचा उपयोग गंभीर गुन्ह्यांपुरताच राहावा म्हणून कायदा करावा लागला.

साथ पुन्हां येईल तेव्हां आपण सहकार्य करावेंच. मात्र माहिती देतांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: एवढी माहिती खरोखर लागते काय, ती कोण पाहणार, आणि ती केव्हां पुसली जाणार? यांचीं सरळ उत्तरें मिळालीं, तर कोणी कांहीं दडविणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.