राखीव जागा : एक नाशवंत माल

कापडाचे ठाण आज खपले नाही तर उद्या खपते; धान्य वखारीत पडून राहिले तरी त्याचे मोल सर्वस्वी बुडत नाही. परंतु आगगाडीतील राखीव जागा हा असा माल आहे, की गाडी फलाटावरून हलताच तो नासतो. ह्या दृष्टीने पाहता रेल्वेचे आरक्षण ही एक प्रचंड पेढीच होय, आणि तिचा व्यवहार समजून घेणे सदैव फिरतीवर असणाऱ्या आपल्या वर्गास हिताचे आहे.

वास्कोहून बेळगाव, पुणे, मनमाड, भोपाळ व ग्वाल्हेर ह्या मार्गाने दिल्लीस जाणारी गोवा एक्सप्रेस उदाहरणादाखल घेऊ. तिच्यातील एकच जागा पुण्यापर्यंत एकास व तेथून ग्वाल्हेरपर्यंत दुसऱ्यास देता येते. पण मधला एक तुकडा विकला जाऊन दोन्ही टोके पडून राहिली, तर तोटा रेल्वेचा आणि गैरसोय लांबच्या प्रवाशाची. म्हणून जागांचे वाटे पाडलेले असतात. आरंभीच्या स्थानकाचा वाटा मोठा, मधल्या गावांचा लहान. त्यामुळे मधल्या गावच्या प्रवाशाची प्रतीक्षायादी बहुधा हळू सरकते.

हा हिशेब पूर्वी हाताने लिहिलेल्या वह्यांत ठेवला जाई. १९८६ साली दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. १९९९ पर्यंत प्रमुख केंद्रे परस्परांस जोडली गेली आणि २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. वही बदलली, पण जागा राखून प्रवासास न येणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र राहिलाच.

विमान कंपन्या ह्यावर उपाय म्हणून असलेल्या जागांहून अधिक तिकिटे विकतात. आपल्या रेल्वेने निराळी वाट काढली. ‘आरएसी’ तिकिटावर बाजूच्या खालच्या बाकावर दोघे बसून जातात, आणि कोणी तिकीट रद्द केले अथवा आलाच नाही, म्हणजे त्यांस क्रमाने पूर्ण शायिका मिळते. पूर्वी गाडीचा तक्ता सुटण्याच्या चार तास आधी तयार होई. प्रतीक्षायादीतील प्रवाशास आपले भवितव्य लवकर कळावे म्हणून २०२५ मध्ये ही वेळ आणखी अलीकडे आणण्यात आली. २०२२ पासून अनेक गाड्यांतील तिकीट तपासनिसांच्या हाती लहान यंत्रे आली असून, रिकामी जागा आता कागदावर नव्हे तर यंत्रात नोंदली जाते. चालत्या गाडीत मर्जीने जागा देण्यास त्यामुळे पुष्कळच आळा बसला.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. त्या वेळी रेल्वेने दिलेले कारण व्यापाऱ्याने ध्यानी घ्यावे असे आहे. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत, आणि ५ टक्के प्रवासी तिकीट रद्दही करीत नसत व प्रवासही करीत नसत. हे ५ टक्के म्हणजे केवळ बुडीत खाते. त्यांच्या पैशाने कोणाचीच सोय होत नाही, आणि उपचारासाठी मोठ्या शहरी निघालेला एखादा रुग्ण मात्र जागेवाचून घरी राहतो.

आपल्या व्यवसायात सौदा केव्हा पुरा होईल याचा भरवसा नसतो, म्हणून लागोपाठ दोन दिवसांची तिकिटे काढून ठेवण्याची चाल पडली आहे. ज्या दिवशी जाणे नाही हे ठरले, त्याच घटकेस ते तिकीट रद्द करावे. विलंबागणिक परतावा घटतो आणि दुसऱ्याची संधीही हुकते. वास्कोचे तिकीट असून बेळगावास चढावयाचे असेल, तर चढण्याचे स्थानक मुदतीत बदलून घ्यावे. नाहीतर अनुपस्थित समजून ती जागा दुसऱ्यास दिली जाऊ शकते, आणि मग तपासनिसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. स्वतः जाणे न झाल्यास निश्चित तिकीट आई-वडील, भावंडे, पती-पत्नी वा अपत्यांच्या नावे करता येते. त्यासाठी गाडी सुटण्यापूर्वी चोवीस तास अर्ज द्यावा लागतो. पेढीवरच्या गुमास्त्यास ते असेच देऊन पाठविणे मात्र नियमबाह्य आहे. अनधिकृत दलालाकडून तिकीट घेण्याच्या मोहात तर पडूच नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ अन्वये असा धंदा हा कारावासास पात्र गुन्हा आहे.

नको असलेला माल अडवून ठेवणाऱ्याची बाजारात पत राहत नाही. गाडीतील जागेसही हाच न्याय लावावा.