शेवरोलेट ३१०० : पाना उचलण्याआधी

१९४७मध्ये आलेली ही अर्ध्या टनाची पिकअप अमेरिकेत आजही घरच्या गॅरेजात खोलली जाते. गंज बहुधा केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत आणि पायाखालच्या पत्र्यात असतो. तिथे लोहचुंबक फिरवा. तो चिकटला नाही, तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा; वरून पुन्हा पुट्टी थापणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं.

मूळ सहा सिलिंडरचं २१६ घनइंची इंजिन चिवट, पण त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल पंपाच्या दाबाने मिळत नाही, शिंतोड्यांनी मिळतं. हायवेवर सलग पळवायची, तर १९५४नंतरचं, पूर्ण दाबाने तेल देणारं २३५ बरं. व्ही-८ घालणारेही पुष्कळ. हौसेला मोल नाही!

खरा पैसा मात्र ब्रेकवर घालावा. चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडरला एकच सर्किट, म्हणजे एक पाइप फुटला की पेडल थेट जमिनीला. दुहेरी सर्किट आणि पुढे डिस्क, हे आधी. वायरिंग ६ व्होल्टचं. १२वर नेताना बल्ब आणि हीटरची मोटरही बदलावी लागते.

जनरल मोटर्सच्या मुंबईतल्या शिवडी कारखान्यातही शेवरोलेट ट्रक जोडले जात. आपल्याकडे मात्र हौसेला लगाम आहे: २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत.