जुनी आलिशान डिझेल गाडी घेताय? आधी हे गैरसमज दूर करा

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. त्या वयाच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळतात. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेचं गाव. मिरचीला चांगला भाव लागला की हातात चार पैसे येतात आणि इथेही अशा गाडीचा विषय निघतो. कष्टाच्या पैशाने हौस जरूर करावी, पण ऐकीव गोष्टींवर विसंबून विसार देऊ नये.

गैरसमज : गाडी स्वस्तात मिळाली, म्हणजे सौदा स्वस्तात झाला.
वस्तुस्थिती : गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो, इंजेक्टर आणि गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात. त्यामुळे सगळे पैसे खरेदीत घालू नका. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढता येत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असं समजा.

गैरसमज : मीटर कमी, म्हणजे गाडी कमी चाललेली.
वस्तुस्थिती : मीटर मागे करता येतं. पण किलोमीटरची नोंद फक्त डॅशबोर्डवर नसते. अनेक गाड्यांत ती इतर कंट्रोल युनिटमध्येही असते, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत तर चावीतही असते. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास काढा आणि आकडे जुळवून पाहा. शिवाय हायवेवर दीड लाख किलोमीटर पळालेलं डिझेल इंजिन हे गावातल्या गावात चाळीस हजार फिरलेल्या इंजिनापेक्षा बरेचदा निरोगी असतं.

गैरसमज : ऑइल काळं दिसतंय, म्हणजे इंजिन गेलं.
वस्तुस्थिती : डिझेल इंजिनात नवं ऑइलही काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळं पडतं. काळजी करायची ती ऑइल दुधाळ दिसलं तर, कारण त्यात कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते. पातळी खुणेच्या वर गेलेली असेल तरी सावध व्हा, ऑइलमध्ये डिझेल उतरत असू शकतं. गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर तुम्हाला काहीच सांगणार नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर सौदा तिथेच थांबवा.

गैरसमज : नामांकित कंपनीचं इंजिन, त्याला काय होतंय?
वस्तुस्थिती : प्रत्येक इंजिनाची दुखणी ठरलेली असतात. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी मधल्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. २००७ ते २०११ दरम्यानच्या इंजिनांत ती झिजण्याच्या तक्रारी जगभर आल्या, आणि तिथवर पोहोचायलाच मोठी खोलाखोल करावी लागते. मर्सिडीजच्या ओएम६४२ या व्ही६ डिझेलमध्ये ऑइल कूलरची सीलं गळतात. सीलं किरकोळ, मजुरी भारी. ‘गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं लागत नाही’ असं सांगतील, पण अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ते साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते. बदलल्याचं बिल मागा.

गैरसमज : घरात युरियाची गोणी आहे, मग अ‍ॅडब्लू विकत कशाला?
वस्तुस्थिती : हा गैरसमज शेतकऱ्याला सर्वात महागात पडणारा आहे. काही डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करायला लागणारं अ‍ॅडब्लू हे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि खनिजमुक्त पाणी यांचं द्रावण असतं. शेतीचा युरिया २०१५ पासून नीमलेपित येतो, त्यात इतर अशुद्धीही असतात. तो अ‍ॅडब्लूच्या टाकीत गेला की पंप, नोझल आणि त्यापुढची धूर शुद्ध करणारी यंत्रणा बाद होते. आधीच्या मालकाने हा उद्योग केला नाही ना, याची स्कॅनर लावून खात्री करा.

धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत असतोच, त्याआधीच्या काही गाड्यांतही आहे. अडकलेली काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. घर, शेत, मार्केट एवढाच फेरा असेल तर फिल्टर तुंबतो. ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे. तुमचा रोजचा फेरा चार-पाच किलोमीटरचा असेल, तर डिझेलऐवजी पेट्रोलचा विचार करा.

गैरसमज : रंग चकाचक, आत स्वच्छ, म्हणजे गाडी निर्दोष.
वस्तुस्थिती : पुरात बुडालेली गाडीही पॉलिश केली की चमकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. नेहमी गुंडाळून राहणाऱ्या टोकाच्या भागावर चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. सीटखाली आणि डिकीच्या तळाशी हात घाला, कारण अनेक आलिशान गाड्यांत कंट्रोल युनिट आणि बॅटरी तिथेच असते. एअर सस्पेन्शनच्या गाडीत संध्याकाळी चारही चाकं आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर टेपने मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा बसला असेल तर हवा गळतेय, आणि गळतीमुळे कॉम्प्रेसरही थकतो.

गैरसमज : दहा वर्षांपुढची डिझेल गाडी सगळीकडे बंद.
वस्तुस्थिती : तो निर्बंध आला तो दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती वाढवता येते. म्हणूनच दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्त विकायला येतात. मात्र तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पुन्हा पासिंग हे सगळं धरून हिशेब करा. स्वस्ताई तिथेच बरीच संपते.

गैरसमज : चावी आणि आरसी हातात आली, म्हणजे गाडी आपली.
वस्तुस्थिती : आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्जफेडीची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही. थकलेली चलनं आधी तपासा आणि त्यालाच भरायला लावा.

गाडी आवडली की एक दिवस थांबा. त्याच कंपनीच्या गाड्यांवर रोज हात चालणारा मेकॅनिक छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून बोलवा, नाहीतर गाडीच तिथे न्या. लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून पूर्ण तपासणी करा. तपासणीचे चार-पाच हजार वाया गेले असं कुणी म्हणेल, पण त्यात लाखांची दुरुस्ती वाचते. आणि विकणारा तपासणीलाच तयार नसेल, तर गाडी कितीही मनात भरलेली असली तरी घेऊ नका.