तिसऱ्या भागात आलेली पाहुणी

मैत्रिणींनो, एखादी मालिका मधूनच बघायला बसलं की आपलं काय होतं? 'ही कोण? तो हिचा दीर का?' असं सासूबाईंना विचारत राहायचं आणि त्या वैतागायच्या! गेल्या दिवाळीत आमच्याकडे हेच झालं, फक्त मालिकेऐवजी कॉम्प्युटर गेम होता.

माझ्या मुलाचा 'मास इफेक्ट'वर भारी जीव. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा हा अंतराळातला खेळ. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०१० आणि कथा संपवणारा तिसरा २०१२ साली. २०२१ मध्ये तिन्ही एकत्र निघाले, तेच आमच्याकडे आहेत. कमांडर शेपर्ड पुरुष हवा की बाई, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. (हे मला फार आवडलं!)

भाचीने थेट तिसरा भाग उघडला. म्हणाली, "आत्या, शेवट कळला की झालं." मागची गोष्ट सांगणारी चित्रकथा असते, तीही तिने ओलांडली. सुरुवातीला काही अडलं नाही. रीपर नावाची अजस्र यंत्रं पृथ्वीवर चाल करून येतात, हे कळायला मागचं काय लागतं? पण थोड्या वेळाने मुलगा ओरडला, "अगं, रेक्स कुठाय?"

त्याचं असं, की पहिल्या भागातले आपले निर्णय हा खेळ लक्षात ठेवतो. तिथे रेक्स वाचला तर तिसऱ्यात भेटतो. कोऱ्या पाटीने आलात तर तो मेलाच असं धरतात आणि त्याच्या जागी त्याचा भाऊ येतो. भाची म्हणाली, "हा काय, तो काय, मला सारखेच." मुलाचा चेहरा बघवेना.

मी मेथी निवडता निवडता ऐकत होते. रेक्सच्या क्रोगन जमातीवर दुसऱ्यांनी एक रोग लादलेला. हजारात एखादंच मूल जगतं. वस्तीतल्या कामात बाळ गमावलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यामुळे हात थांबलाच. मॉर्डिन नावाचा शास्त्रज्ञ दुसऱ्या भागात सांगतो, की तो रोग टिकवण्यात त्याचाही हात होता. तिसऱ्यात तो इलाज करायला जातो आणि त्यात जीव देतो. माझा एकोणीस वर्षांचा घोडा इथे रडला होता, हे मला तेव्हा कळलं. दुसरा भाग न खेळणाऱ्याला तो नुसता एक डॉक्टर वाटेल.

म्हणून माझं मत, शेवटचा भाग जुन्यांचाच. तेही मुकाट्याने ऐकणारे नव्हेत हं! २०१२ मध्ये शेवट आवडला नाही म्हणून चाहत्यांनी कंपनीला सुमारे चारशे कपकेक पाठवले. वरचं आयसिंग लाल, निळं, हिरवं. आत चव एकच! कारण शेवटचे तीन पर्याय त्यांना तसेच वाटले होते. कंपनीने ते तरुणांच्या निवारागृहाला दिले. शिवाय चाहत्यांनी आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' संस्थेला मोठी रक्कम जमवून दिली. त्याच जूनमध्ये कंपनीने शेवट वाढवून फुकट दिला. रागही किती कामाचा असतो बघा.

भाचीने आता पहिल्या भागापासून सुरुवात केलीय. रेक्सला वाचवायचं कसं, म्हणून रोज तिचा फोन येतो. मुलगा काही सांगत नाही.