राजाला पिरॅमिड, मजुराला वाळू

बडोद्याच्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत इजिप्तची एक ममी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात ती तिथे आली. ती पाहून मुले हमखास विचारतात, "मेलेल्या माणसाला एवढे जपून का ठेवले?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी चार-पाच हजार वर्षे मागे, नाईल नदीच्या काठी जावे लागते.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. अगदी प्राचीन काळी तिथले लोक प्रेत वाळवंटात खड्डा करून पुरत. गुडघे पोटाशी घेतलेले आणि सोबत दोन-चार मडकी. तापलेली वाळू देहातले पाणी शोषून घेई आणि देह न कुजता सुकून जाई. देह टिकला तर माणूसही टिकतो, ही समजूत त्यातूनच बळावली असावी. पुढे श्रीमंतांसाठी दगड-विटांच्या कबरी आल्या. तिथे वाळूचा स्पर्श तुटला आणि देह कुजू लागले. मग देह टिकवण्याची विद्या वाढली.

ही विद्या खर्चिक होती. मेंदू नाकावाटे काढायचा. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी चार बरण्यांत वेगळी ठेवायची. देह नेट्रॉन नावाच्या खारात सुकवायचा, तेल-राळ चोळायची आणि लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचा. सगळे मिळून सत्तर दिवस! इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, या कामाचे तीन दर होते. जशी ऐपत तसा दर. ज्याला सर्वांत स्वस्त दरही परवडत नसे, त्याच्या वाट्याला पूर्वीसारखीच वाळू.

हृदयाचा तराजू

एक अवयव मात्र देहातच ठेवत. तो म्हणजे हृदय. बुद्धी आणि आठवण हृदयात असते, असे ते मानत. मेल्यानंतर ओसायरिस देवापुढे न्यायनिवाडा होई. तराजूच्या एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस. हृदय पापाने जड झाले, तर मगरीच्या तोंडाची राक्षसी ते गिळून टाकी. मग दुसरे जीवन नाही.

त्या दरबारात मृताने काय सांगायचे, हेही लिहून ठेवलेले आहे. मी कोणाला उपाशी ठेवले नाही, कोणाला रडवले नाही, वजनात खोट केली नाही, लेकरांच्या तोंडचे दूध काढले नाही, ठरल्यापेक्षा जास्त काम करून घेतले नाही. वाचकहो, किती चांगली शिकवण! हे जो खरोखर पाळील, त्याला कोण नावे ठेवील?

पण इथेही पैसा पोहोचलाच. परलोकाचे मंत्र आधी फक्त राजाच्या पिरॅमिडमध्ये कोरले जात. नंतर ते अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर आले. पुढे मंत्रांच्या गुंडाळ्या विकत मिळू लागल्या. काही तर आधीच लिहून तयार असत, नावाची जागा तेवढी कोरी! शिवाय छातीवर दगडी भुंगा ठेवत. त्यावर कोरलेले असे की, हे हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. म्हणजे न्याय सर्वांना सारखा, पण साक्षीदार गप्प करण्याची सोय ऐपतवाल्याला!

परलोकातही शेती करावी लागणार होती. तिथे राबायला नकोत म्हणून श्रीमंत लोक नोकरांच्या छोट्या बाहुल्या कबरीत ठेवत. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या कबरीत अशा ४१३ बाहुल्या होत्या. राजा विशीच्या आतच वारला होता. त्याची आतली शवपेटी सुमारे ११० किलो सोन्याची आहे.

बांधणारे हात

हे सारे उभारले कोणी? खुफू राजाचा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच. त्यात वीस लाखांहून जास्त दगड आहेत. १९९० साली गिझाला त्या कामगारांच्या कबरी सापडू लागल्या. त्यांत ममी नाही, सोने नाही. मातीच्या विटा, पिरॅमिडच्या कामातून उरलेले दगडाचे तुकडे आणि भाकरी व बिअरची मडकी. पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले. काहींची मोडलेली हाडे नीट बसवून जुळवलेली होती, म्हणजे उपचारही होत असत.

दुसरी हकीकत पुढच्या काळातली. राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती आज देर अल-मदिना नावाने ओळखली जाते. त्यांची मजुरी धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५० च्या सुमारास, ती थकली. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी धान्य नाही. तेव्हा हत्यारे ठेवून कारागीर वस्तीबाहेर पडले आणि देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे राजाला कळवा, असे त्यांनी सांगितले. अखेर थकलेले धान्य द्यावे लागले. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप मानतात. ती नोंद आज इटलीत तुरीन येथे जपलेली आहे.

ज्यांनी राजासाठी अमरत्वाची घरे खोदली, त्यांना आजच्या भाकरीसाठी बसावे लागले. परलोकात न्याय मिळेल म्हणून ते वाट पाहत राहिले नाहीत, हे विशेष. मुलांना ममीची गोष्ट सांगाल, तेव्हा या कारागिरांचीही जरूर सांगा.