कॉल स्वस्त झाला, तो कसा?

यवतमाळचा शेतकरी आज कापसाची गाडी भरण्याआधी वणी, पांढरकवड्याचा भाव फोनवर विचारतो. १९९५ मध्ये मोबाईल आला तेव्हा हे परवडलंच नसतं: मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, शिवाय इनकमिंगचेही पैसे!

मग बदललं काय? नियम. १९९९ च्या धोरणाने कंपन्यांकडून ठराविक लायसन्स फीऐवजी कमाईतला वाटा घेतला. २००३ मध्ये इनकमिंग फ्री झालं. स्पर्धा वाढली, दर कोसळले.

फायदा किती? केरळच्या मच्छीमारांवरील अभ्यासात मोबाईलनंतर त्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, ग्राहकांना मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली.

पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ रिचार्ज महाग केले. म्हणून स्पर्धक किती उरलेत, यावर लक्ष ठेवा.